लिनक्सचा डेस्कटॉप बंद ठेवायचाय? ‘स्टॉप’, ‘आयसोलेट’ की ‘सेट-डीफॉल्ट’

सातपूर एमआयडीसीत माझ्या मामेभावाचं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसात एकच कम्प्युटर, 4 जीबी रॅमचा, त्यावर फेडोरा हे लिनक्स. दिवसा बिलं आणि चलनं, रात्री त्याच्याच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये मशीनच्या प्रोग्रामांचा बॅकअप. रात्री समोर कुणी नसताना डेस्कटॉपनं रॅम का अडवून ठेवावी, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

आधी एक गैरसमज दूर करतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबलं की काळ्या पडद्यावर लॉगिन येतं, पण डेस्कटॉप मागे चालूच असतो. रॅम सुटत नाही. अडकलेला एखादा प्रोग्राम मारायला मात्र पहिल्यांदा हाच रस्ता धरा, कारण बाकीचं उघडं काम शाबूत राहतं. पुढच्या दोन्ही कमांडमध्ये ते राहत नाही. सेव्ह न केलेलं बिल गेलंच म्हणून समजा.

‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप डिस्प्ले-मॅनेजर’ ही कमांड लॉगिनचा पडदा दाखवणारी सेवा, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, थांबवते आणि तिच्यासोबत डेस्कटॉपही जातो. बाकी सेवांना ती हात लावत नाही. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलण्यासारख्या अर्ध्या तासाच्या कामाला मी हीच देतो. परत आणायला ‘स्टॉप’च्या जागी ‘स्टार्ट’.

‘सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट मल्टी-यूजर डॉट टार्गेट’ जास्त कडक आहे. जुन्या लोकांचं ‘इनिट 3’ ते हेच. टार्गेट म्हणजे एकत्र चालवायच्या सेवांचा गट; मल्टी-यूजर हा डेस्कटॉपशिवायचा. मल्टी-यूजर टार्गेटला ज्या सेवा लागतात तेवढ्याच ठेवून ती बाकीच्या बंद करते. आम्हाला ठेच लागली ती इथेच. शेअर केलेल्या फोल्डरसाठीची सांबा सेवा मी हातानं ‘स्टार्ट’ केली होती, ‘एनेबल’, म्हणजे दर वेळी आपोआप सुरू होईल अशी, केली नव्हती. आयसोलेटनं तीही बंद केली आणि त्या रात्रीचा बॅकअप झालाच नाही. फेडोरावर अशी सेवा स्वतः एनेबल करावी लागते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर ती इन्स्टॉल करतानाच होते. एकदा ‘एनेबल’ केली की आयसोलेट तिला धक्का लावत नाही.

म्हणून रोज रात्री डेस्कटॉप बंद करायचा असेल तर मी आयसोलेटच सुचवेन, पण लागणाऱ्या सगळ्या सेवा एनेबल केल्यावर. हवी तेवढीच यंत्रणा उरते. सकाळी ‘आयसोलेट ग्राफिकल डॉट टार्गेट’ दिलं की डेस्कटॉप हजर.

यातली कुठलीही निवड रीस्टार्टनंतर टिकत नाही. रात्री लाईट जाऊन आली आणि मशीन आपोआप सुरू झालं, तर डेस्कटॉप परत येतो. ते नको असेल तर ‘सुडो सिस्टमसीटीएल सेट-डीफॉल्ट मल्टी-यूजर डॉट टार्गेट’. ही कमांड त्या क्षणी काहीच बंद करत नाही, फक्त पुढच्या बूटला काय उघडायचं ते ठरवते. कोपऱ्यात ठेवलेल्या, मॉनिटर नसलेल्या सर्व्हरला ती योग्य. ज्या कम्प्युटरवर सकाळी हिशेबनीस येऊन बसणार, तिथे नको. काळ्या पडद्यापुढे त्या माणसानं काय करायचं?

मराठी वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) टेक्स्ट कन्सोलच्या, म्हणजे त्या काळ्या पडद्याच्या, फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 चिन्हं बसतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय तिथे नाही. फायलींची नावं देवनागरीत असतील तर त्या पडद्यावर ती वाचता येणार नाहीत. फायली सुखरूप असतात. दुसऱ्या कम्प्युटरवरून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, बघा, तिथल्या टर्मिनलला देवनागरी जमत असेल तर नावं नीट दिसतील.

एसएसएचवर विसंबण्याआधी वाय-फायही तपासा. कनेक्शन एकाच युजरपुरतं असेल तर डेस्कटॉपबरोबर तेही तुटतं. ‘सर्व युजरांसाठी’ हा पर्याय निवडा, किंवा सरळ केबल लावा. भावाच्या ऑफिसात आम्ही केबलच ओढली.