कुत्रा अंग कुठे घासतो, त्यावरून आधी काय करायचे ते ठरवा

कुत्रा सारखा खाजवू लागला की बहुतेक घरांत दोनच मार्ग सुचतात: दुकानातून पिसवांचे औषध आणणे किंवा डॉक्टरांकडून खाज थांबवणारे इंजेक्शन देऊन घेणे. यांतले आधी काय, हे ठरवण्यापूर्वी तो नेमका कोणता भाग खाजवतो, चावतो किंवा घासतो, हे दोन दिवस नीट पाहावे.

शेपटीचे मूळ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू यांवर रोख असेल, तर पहिला संशय पिसवांचा. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात, म्हणून अंगावर पिसू दिसली नाही तरी हा संशय सोडू नये. बारीक दातांच्या फणीने कंबरेवरचे केस विंचरावेत आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती धूळ नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते.

लूत म्हणजे त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होणारा रोग. त्याची खाज याहून तीव्र असते आणि ती कानांच्या कडा, पुढच्या पायांची कोपरे, घोटे व पोटाकडे दिसते. कानाची कड दोन बोटांत धरून हलके चोळली असता मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर संशय बळावतो. त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत हे किडे अनेकदा सापडत नाहीत, त्यामुळे अहवाल निर्दोष आला तरी डॉक्टर उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. घरातल्या माणसांच्या हातांवर किंवा पोटावर खाजरे पुरळ उठले असेल, तर हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

पंजे चाटणे, तोंड सोफ्यावर घासणे आणि कान वारंवार बिघडणे ही ॲलर्जीची चाल. धूळ-बुरशीची ॲलर्जी बहुधा 6 महिने ते 3 वर्षे या वयात सुरू होते. अन्नाची ॲलर्जी वेगळी ओळखायला सुमारे 8 आठवड्यांचे काटेकोर पथ्यच लागते. पार्श्वभाग जमिनीवर घासत जाणाऱ्या कुत्र्याला लोक लगेच जंताचे औषध देतात, पण बऱ्याचदा कारण भरलेल्या गुदग्रंथींचे, म्हणजे गुदद्वाराजवळच्या दोन छोट्या पिशव्यांचे असते.

माझे मत स्पष्ट आहे: आधी परजीवी, मग स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वस्त आणि झटपट गुण देणारे असले, तरी तहान, लघवी आणि भूक वाढवते, शिवाय मूळ कारण झाकून टाकते. ऑक्लासिटिनिब या खाज थांबवणाऱ्या, स्टेरॉइड नसलेल्या औषधाचा हा त्रास कमी. मात्र ते महाग आहे आणि 12 महिन्यांखालील पिल्लांना देत नाहीत. परजीवींसाठी मानेवर टाकायचे थेंब आणि तोंडाने द्यायची गोळी यांत मी गोळी निवडेन, कारण अफॉक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनर पिसवा, गोचीड आणि लुतीचे किडे या तिन्हींवर चालते, आणि आंघोळीने धुऊन जात नाही. कुत्र्याला फिट येत असतील, तर मात्र डॉक्टरांना ते आधी सांगावे. घरात मांजर असेल, तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचे थेंब आणूच नयेत. ते मांजराच्या जिवावर बेततात. लुतीवर जळके ऑइल किंवा रॉकेल चोळण्याची पद्धत अजून आढळते. कुत्रा ते चाटतो, त्वचा भाजते, आणि ते पाहवत नाही.

औषध एकदा देऊन थांबू नये. पिसवांचे कोष गादीत आणि फटींत टिकून राहतात, म्हणून अंथरूण गरम पाण्याने धूत किमान तीन महिने उपचार चालू ठेवावेत, आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजरालाही त्याला चालणारे औषध त्याच दिवशी द्यावे.