उलथणं वाजलं की पाय काढायचा: जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परचे आठ महिने

गाडी दसऱ्याला दारात आली, आता मृग लागलाय. मधल्या काळात काट्यावर ९,६८० किलोमीटर पडले. घ्यायच्या आधी मी स्वतः कुणाचा तरी अनुभव वाचायला शोधत होतो, पण मिळायचं ते सगळं नव्याकोऱ्या महागड्या मोटरहोमबद्दल. जुनी गाडी घेऊन डिझेलचा हिशेब वहीत लिहिणाऱ्यांचं काही सापडलं नाही. म्हणून हे.

आमची २००९ ची टेम्पो ट्रॅव्हलर. गडहिंग्लजच्या एका गृहस्थांनी काशीयात्रेसाठी सीटा काढून आत पलंग, छोटा ओटा आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी बसवली होती. यात्रा झाली, गुडघे गेले, गाडी विकायला निघाली. आत केलेल्या बदलांची नोंद आरसीवर आहे आणि पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालंय, एवढं आधी बघून घेतलं. मग कोल्हापूरची एनओसी, इकडे बेळगावात कर्नाटकचा टॅक्स आणि नंबर एमएच-०९ चा केए-२२. त्या फेऱ्यांवर वेगळंच पुराण होईल. सीमाभागातल्या माणसाला पलीकडची गाडी नेहमी स्वस्त दिसते, टॅक्स भरल्यावर दिसत नाही, एवढंच सांगतो.

ही जात जुनी. बजाज टेम्पोने (आताची फोर्स मोटर्स) १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली ती मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर बेतून. अंगकाठी त्या काळचीच: उंच, चौकोनी, वाऱ्याला छाती देऊन उभी. २.६ लिटरचं डिझेल इंजिन खालच्या फेऱ्यांत, म्हणजे हळू फिरत असताना, जोर लावतं, वर पळायचं म्हटलं की कुरकुरतं. पुढचं सगळं रामायण या दोन गोष्टींवरून येतं.

आता ॲव्हरेज. अनगोळात गल्लीतून गाडी बाहेर काढताना भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. पण उत्तर द्यायच्या आधी काटा खरा आहे का ते बघावं लागतं. मी हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजत आणि मोबाइलवर जीपीएस लावून तपासलं. स्पीडोमीटर ७२ दाखवतो तेव्हा गाडी खरी ६८ ने जात असते. किलोमीटरचा आकडाही जास्त, शंभराला तीन. म्हणजे माझे ९,६८० हे खरे ९,४०० च. वेगाच्या काट्यातली चूक आणि अंतरातली चूक सारखी नसते, दोन्ही वेगळ्या तपासाव्या लागतात. हे न करता ‘माझी बारा देते, माझी तेरा देते’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

डिझेल शक्यतो एकाच पंपावर, एकाच नोझलवर, पहिल्यांदा ‘टक्’ करून बंद पडलं की थांबवायचं. पोरगा कधी कधी राउंड फिगरसाठी अजून थोडं ढकलायला बघतो, त्याला हात धरून थांबवावं लागतं. आठ महिन्यांत ८३८ लिटर गेलं. सरासरी लिटरला ११.२ किलोमीटर.

पण सरासरीत अर्थ नाही. वेगाप्रमाणे वेगळं काढलं तेव्हा खरी गंमत कळली. सपाट हायवेवर, दोघंच माणसं, एसी बंद, सगळे वेग खरे म्हणजे जीपीएसचे: साठ-पासष्टला १३.१, सत्तरला १२.४, ऐंशीला १०.९. नव्वदला ९.३, तेही एकदाच मोजलं आणि परत मोजायची इच्छा नाही.

ती नव्वदची फेरी पुण्याची. भाचीचा साखरपुडा, निघायला उशीर, मी पाय दाबून धरला. बेळगाव ते पुणे साधारण ३४० किलोमीटर. सत्तरच्या हिशेबाने साडेसत्तावीस लिटर लागलं असतं, लागलं साडेछत्तीस. नऊ लिटर जास्त, म्हणजे आठशेच्या वर रुपये. कागदावर तासाभराचा वेळ वाचायला हवा होता. प्रत्यक्षात चाळीस मिनिटं वाचली, कारण कागलच्या पुढे सहापदरीचं काम आणि डायव्हर्जन. तिथे नव्वदवालाही वीसनेच जातो. वर दोघांचे कान सुन्न. बायको हॉलवर पोचल्यावर पहिला अर्धा तास सगळ्यांशी ओरडूनच बोलत होती.

कारण साधं आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. सत्तरवरून नव्वदवर गेलं की वेग वाढतो सव्वापटीच्या थोडा वर, पण वारा मागे ढकलतो १.६५ पटीने. बसकी कार हे पचवते. कपाटाएवढं नाक पुढे करून जाणाऱ्या गाडीला ते डिझेलमध्ये भरावं लागतं. मागच्या मालकाने टपावर लोखंडी कॅरिअर लावलं होतं, दिवाळीनंतर ते काढून ठेवलं. पुढच्या तीन टाक्यांना लिटरमागे अर्ध्या किलोमीटरच्या आसपास फरक पडला आणि वरची शीळ बंद झाली.

आरामाचा वेग मात्र मला आकड्यांनी नाही, उलथण्याने शिकवला. ओट्याच्या वर एका खिळ्याला स्टीलचं उलथणं टांगलंय. काट्यावर ७० पर्यंत ते गप्प असतं. ७४ ला थरथरतं. ७६ झाले की शेजारच्या झाऱ्यावर आपटून टिणटिण सुरू. आधी मला त्याचा राग यायचा. मग लक्षात आलं, नेमकं त्याच सुमाराला इंजिनचा आवाज बदलतो, स्टीअरिंगमध्ये बारीक कंप येतो आणि शेजारून ट्रक गेला की गाडी हातभर सरकते. ७२ वर बायको थर्मासमधून चहा ओतते, सांडत नाही. ७८ वर ती थर्मास उघडतच नाही. आमच्या गाडीला आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा नाही, आता लागतही नाही.

फार कमी चालवण्यातही शहाणपण नाही. पन्नासच्या खाली पाचवा गिअर ठेवला की इंजिन कण्हतं, चढावर तर दणके देतं. वंटमुरी घाटात लोक ॲव्हरेजसाठी पाचव्यातच रेटत राहतात, ते बघून माझाच जीव वर-खाली होतो. चौथा टाकावा, पंचावन्नने चढावं, काही बिघडत नाही.

सुरुवातीला माझा सगळा डोळा वजनावर होता. गळीत हंगामात संकेश्वरजवळ एका वजनकाट्यावर रांग लावली, पुढे-मागे उसाच्या दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर आणि मध्ये आमची पडदे लावलेली गाडी. काट्यावरच्या पोराने खिडकीतून डोकावून विचारलं, “मामा, आत ऊस हाय काय?” वजन आलं ३,०४० किलो. मी लगेच टाकी अर्धी ठेवायची, जाजम घरी ठेवायचं, असे बेत करायला लागलो. माझा एक भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने वहीवर मांडून दाखवलं: शंभर लिटर पाणी सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर नेलं तर डिझेल जास्त लागतं जेमतेम शंभर मिली. “मामा, तुम्ही पाच किलोमीटरने वेग कमी करा आणि टाकी भरून आंघोळ करा.” पोराचं बरोबर होतं. गावात, खडेबाजारसारख्या गर्दीत थांबत-निघत जायचं असेल तर वजन जाणवतं. हायवेवर नाही.

एक काळ मात्र वेगही गुन्हेगार नव्हता. पौष-माघात ॲव्हरेज बारावरून सरळ दहावर आलं. मी दुसऱ्या पंपावर डिझेल भरून बघितलं, एअर फिल्टर बदलला, कुणी सांगितलं म्हणून टाकीत टाकायचं औषधही आणलं. औषधाने माझे पैसे गेले, बाकी काही झालं नाही. मग एकदा यमकनमर्डीच्या पुढे ढाब्यावर उतरलो आणि डाव्या बाजूने जळक्या कापडासारखा वास आला. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमजवळ हात नेला, लावायचीही गरज पडली नाही, तव्यावर धरल्यासारखी धग. उजवं चाक नुसतं कोमट. दीड महिन्यापूर्वी एका गॅरेजात मागच्या ब्रेकचे लायनर बदलले होते, तिथे त्या चाकाचा ब्रेक आवळून ठेवला होता. गाडी दीड महिना एक ब्रेक लावूनच फिरत होती. ऑटोनगरच्या आमच्या मेस्त्रीने जॅक लावून चाक हाताने फिरवलं, अर्ध्या फेऱ्यात थांबलं. “आता ही बिचारी डिझेल पिणार नाही तर काय करणार वो?” पंधरा मिनिटांचं काम. तेव्हापासून दर मुक्कामी उतरलो की चारी चाकांजवळ हात फिरवतो. लोकांना वाटतं, म्हातारा गाडीची पूजा करतोय.

टायरमधल्या हवेचंही तसंच. घेतली तेव्हा मागच्या टायरात गाडीवरच्या पट्टीत लिहिलेल्यापेक्षा हवा बारा पीएसआय कमी होती, बसायला मऊ लागावी म्हणून. हवा सकाळी टायर गार असताना बघावी आणि स्वतःचा गेज ठेवावा. पंपावरच्या दोन गेजांनी मला एकाच टायरचे दोन आकडे सांगितलेत.

घाटाचं गणित निराळं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, आणि आमच्या निम्म्या सहली गोव्याला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत पणजीकडे उतरताना १३.४ मिळालं, त्याच वाटेने परत चढताना ९.१. तीन टन वजन साडेसातशे मीटर उचलायला, भाच्याच्या हिशेबाने, नुसत्या उंचीपोटी दोन लिटर डिझेल जातं. मग तुम्ही कितीही नाजूक पाय ठेवा. उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं, सगळं नाही, कारण वळणावळणावर ब्रेकमध्ये ते तापून जातं. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग आपल्याकडे खूप आहेत. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनला जाणारं डिझेल आपोआप तुटतं. न्यूट्रलमध्ये उलट ते चालू ठेवायला थोडं लागतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पावसाळ्यात चोर्ल्याच्या धुक्यात तर पंचवीस-तीसच्या वर प्रश्नच येत नाही, तिथे ॲव्हरेज विचारणाऱ्याला गाडीतून उतरवावं.

डिझेल कुठे भरायचं हा सीमेवरचा जुना खेळ. कोल्हापूरकडून येणारे आधी कर्नाटकात शिरेपर्यंत टाकी ओढत आणायचे. जून २०२४ मध्ये इकडे विक्रीकर वाढला, एप्रिल २०२५ मध्ये डिझेल अजून दोन रुपयांनी चढलं, आणि तो फरक जवळजवळ मिटला. गोव्यात भरलं तर लिटरमागे थोडं वाचतं. मला शंका होती की भरलेली टाकी घाटातून वर आणण्यातच ते जाईल. तसं नाही. साठ किलो जादा वजन चोर्ला चढवायला लागतं सुमारे चाळीस मिली, म्हणजे अर्धा कटिंग चहा. खुशाल भरा.

रस्त्यावरचा अनुभव म्हणाल तर सत्तरने जाणाऱ्याला सगळेच मागे टाकतात. डाव्या लेनमध्ये रहावं लागतं आणि त्या लेनमध्ये हंगामात ऊस असतो. ट्रेलरला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. हत्तरगीच्या पुढे एकदा संध्याकाळी सातला असा ट्रेलर हेडलाइटमध्ये अचानक उगवला. वेग ६८ होता म्हणून थांबलो. नव्वदला काय झालं असतं ते मी घरी बोललो नाही. तेव्हापासून अंधार पडायच्या आत मुक्काम: हिडकलच्या धरणाकडे, नाहीतर सौंदत्तीच्या वाटेवर, नाहीतर कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाजवळ. बेळगाव-निपाणी पंचाहत्तर किलोमीटर, त्यात पंच्याऐंशीने आणि अडुसष्टने जाण्यात फरक पडतो तेरा मिनिटांचा. तेवढी मिनिटं आधी निघालं की झालं. आम्ही निघत नाही हा भाग वेगळा, कारण कुंदा घ्यायला थांबणं आलंच.

आता घ्यावी का? महिन्यातून एकदा तरी बाहेर पडणार असाल, गाडीखाली वाकायची लाज नसेल आणि पुणे पाच तासांत गाठायची घाई नसेल, तर घ्या. घेताना इंजिनच्या आवाजापेक्षा पाचव्या गिअरमध्ये सत्तरला स्टीअरिंग हातात कसं राहतं ते बघा. आणि उतरल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा.

मागच्या आठवड्यात बायकोने आवाजाला कंटाळून त्या खिळ्याला जुन्या बनियनची पट्टी गुंडाळली. कणकुंबीला जाताना मी ती हळूच सोडून खिशात टाकली. तिला अजून सांगितलेलं नाही.