बंद पडलेल्या मासिकाची तीन वर्षांची वर्गणी: ९ महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारी २०२४ मध्ये एका मासिकाची तीन वर्षांची वर्गणी भरली, १८०० रुपये. सुटा अंक ६० चा, दिवाळी अंक २५० चा, म्हणजे सवलत घसघशीत होती. फेब्रुवारी २०२५ च्या अंकात, शब्दकोड्याच्या खाली, चार ओळींची चौकट: ‘हा अंक शेवटचा.’ वर्गणीचं काय, ते नाही.

मार्चमध्ये त्याच प्रकाशनाचं आरोग्यविषयक मासिक आलं. वेष्टनावर माझाच वर्गणीदार क्रमांक आणि ‘मुदत: डिसेंबर २६’. मला विचारलं कुणी? पहिल्याच अंकात गुडघेदुखी, दुसऱ्यातही गुडघेदुखी.

शेवटी पेठेतल्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या ताईंनी वही उघडली. ‘काका, त्याऐवजी पुस्तकं घ्या ना, ४० टक्के सूट देते.’ पैसेच हवेत म्हटल्यावर त्यांनी हिशेब मांडला: बारा साधे अंक, ७२० रुपये, एक दिवाळी अंक, २५०, उरले ८३०. म्हणजे भरताना सवलतीचा दर आणि परत देताना छापील किंमत! माझा हिशेब सरळ होता. ३६ महिन्यांचे १८००, म्हणजे महिना ५०. उरलेले २२ महिने, ११०० रुपये. ताई हळूच म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर आहे, पण सही साहेबांची लागते.’ त्यांच्यावर काय चिडणार?

मी जन्मभर खतावण्या लिहिल्या. आगाऊ वर्गणी ही न दिलेल्या अंकांपुरती प्रकाशकाची कमाई नसतेच, ते देणं असतं. मासिक बंद झालं तरी संस्था चालू असेल तर देणं तिच्या डोक्यावर राहतं. संस्थाच बुडाली तर मात्र बँका आणि कामगारांच्या मागे रांगेत आपण, हातात बहुधा काही लागत नाही.

लेखी पत्र दिलं, पोच घेतली. महिनाभर शांतता. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली नाही. आली असती तरी पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सात आठवड्यांनी चेक आला, पूर्ण ११०० चा.

प्रकाशनाला पाचपैकी दोन तारे, दोन्ही काउंटरवरच्या ताईंचे. आता वर्गणी एकेकच वर्षाची भरतो.

आरोग्याचं मासिक अजून येतंय. कळवून झालं दोनदा. या महिन्यात मानदुखी आहे.