पाच स्टार आणि परत आलेली पार्सलं

‘रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. मिठाचे फायदे आणि तोटे लेखकाने सोप्या भाषेत सांगितले आहेत.’ पाच स्टार.

माझं पुस्तक मिठागरांवर आहे. बेलापूर-उरणच्या पट्ट्यात खाडीकाठच्या खाजणात मीठ पिकवणारी आगरी माणसं, उधाणाला बांध फुटला की कंदील घेऊन धावणारं गाव, जिताडे, चिंबोऱ्या, मग नवी मुंबई वसवायला 1970 साली आलेलं सिडको आणि त्यानंतर गेलेल्या जमिनी, अशी ती आठवणवजा हकीकत. रक्तदाबाचा त्यात कुठेही उल्लेख नाही. दुसऱ्या एका अभिप्रायात ‘नायक-नायिकेची प्रेमकथा मनाला भिडली’ असं होतं. नायिका म्हणावी असं त्यात कोणी असेलच तर आमची म्हैस. बायकोने मोबाइल हातात घेऊन ते सगळे अभिप्राय वाचले आणि एवढंच विचारलं, ‘यांनी पुस्तक वाचला तरी का?’

या अशा अभिप्रायांसाठी, ‘बेस्टसेलर’ बनण्यासाठी आणि एका जाहिरातीसाठी माझ्याकडून 38,500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 45,430 रुपये घेतले गेले. पुस्तकं लिहिणारी, स्वखर्चाने छापणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्यासाठी हा धंदा जोरात चालला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पुस्तकाचं नाव देत नाही. दिलं तर हीसुद्धा जाहिरातच वाटेल.

मी करावे गावचा. शाळेत शिकवून निवृत्त झालो. पुस्तकाच्या 500 प्रती काढल्या आणि सुरुवातीच्या पानावर, जिथे मुद्रक, आवृत्ती, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक वगैरे असतं, तिथे माझा मोबाइल नंबर छापला. वाचकांनी फोन करावा म्हणून. प्रकाशन होऊन थोडे दिवस गेले आणि पहिला फोन आला तो पुस्तकांचं प्रमोशन करून देणाऱ्या एका एजन्सीतल्या गोड आवाजाच्या मुलीचा. ‘काका, तुमचं कंटेंट इतकं स्ट्राँग आहे ना! फक्त व्हिजिबिलिटी नाहीये.’ पुस्तकाचा विषय काय, असं मी विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं, असं आता भाचा म्हणतो. पण तिला ते सांगता आलं असतं. मागच्या पानावरचा मजकूर तिने पाठच केला होता.

त्यांचं ऑफिस वाशीला सेक्टर 17 मध्ये होतं. काचेची केबिन, भिंतीवर पुस्तकांची मुखपृष्ठं फ्रेम करून लावलेली. पुढे कळलं की ती भाड्याने बसायची जागा आहे, महिन्यावर टेबल मिळतं. माझ्याआधी ऐरोलीच्या एक कवयित्री बसल्या होत्या. त्यांना आयएसबीएनसाठी 3,000 रुपये सांगत होते. हे ऐकून माझे कान टवकारले, कारण भारतात आयएसबीएनला एक पैसाही लागत नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था आहे, ती ऑनलाइन अर्जावर फुकट देते. मी बाईंना तसं सांगितलं. तेव्हा केबिनमधले साहेब हसून म्हणाले, ‘सर, ती आमची प्रोसेसिंग फी आहे.’ उत्तर तयार असणं हे या लोकांचं वैशिष्ट्य. कुठलाही प्रश्न विचारा, अडखळत नाहीत.

एक कबूल केलं पाहिजे, त्यांच्या कल्पना उत्तम होत्या. पहिल्या 50 प्रतींबरोबर जाड्या खड्या मिठाची छोटी पुडी द्यायची. मिठागरात काम केलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करून रील्स करायच्या. पुस्तकातल्या जुन्या खाजणांचा नकाशा काढायचा आणि त्यावर आज तिथे कुठला सेक्टर, कुठला मॉल उभा आहे ते दाखवायचं. ऐकतानाच मी खूश झालो. करारात मात्र यातलं काहीच नव्हतं. तिथे लिहिलं होतं ‘डिजिटल प्रेझेन्स बिल्डिंग’, ‘रिव्ह्यू अ‍ॅक्टिव्हेशन’, ‘बेस्टसेलर कॅम्पेन’. म्हणजे बोलण्यात मिठाची पुडी आणि कागदावर हवा.

बेस्टसेलरचं काय झालं ते बारकाईने सांगण्यासारखं आहे. अ‍ॅमेझॉनवर पुस्तक भाच्याच्या विक्रेता खात्यावरून विकायला ठेवलं होतं. एका शनिवारी दुपारी त्याचा मोबाइल सारखा वाजायला लागला. ऑर्डरवर ऑर्डर. घरात सगळे पॅकिंगला बसले, पोरं सेलोटेप कापतायत, बायको पुठ्ठे घड्या घालून देतेय, मला तर भरूनच आलं. संध्याकाळी वाशीहून स्क्रीनशॉट आला: माझं मुखपृष्ठ आणि त्यावर ‘नंबर 1 बेस्टसेलर’. मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, शाळेच्या ग्रुपवर टाकला.

भाचा मात्र लेबलं चिकटवताना गप्प होता. त्याने मला एक एक पार्सल दाखवलं. नावं वेगळी, फ्लॅट नंबर वेगळे, पण इमारत तीच. कामोठ्यातली एक सोसायटी आणि कोपरखैरण्यातली एक. दहा-बारा पार्सलं सोडली तर बाकी सगळी तिथेच. आणि एकूण एक ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरी. पुढच्या आठवड्यात ती परत यायला लागली. ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘ग्राहकाने नाकारले’. पुठ्ठ्याचे कोपरे दबलेले, काही प्रतींची मुखपृष्ठं दुमडलेली. ती आता नवी म्हणून विकता येत नाहीत.

यात गंमत अशी की अ‍ॅमेझॉनची बेस्टसेलरची यादी एकच नसते. पुस्तकांचे प्रकार, त्यांचे पोटप्रकार, त्या प्रत्येकाची वेगळी यादी, आणि क्रमांक सारखे बदलत राहतात. जिथे मुळात खपच कमी, अशा एखाद्या कोपऱ्यातल्या पोटप्रकारात पुस्तक घुसवलं की एका दुपारच्या थोड्या ऑर्डरींनीही ते वर जातं. मला आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पोटप्रकाराचं नाव कापलेलं होतं. भाच्याने शोधलं तेव्हा ते शेतीविषयक निघालं. रात्रीपर्यंत क्रमांक घसरलाही होता, पण स्क्रीनशॉट तर निघाला होता, आणि करारात लिहिलं होतं तेवढंच: ‘बेस्टसेलर टॅगचा पुरावा दिला जाईल.’

तेव्हा कोणी ‘बेस्टसेलर करून देतो’ म्हणालं तर विचारा: कुठल्या प्रकारात, किती काळ, आणि ऑर्डरी आगाऊ पैसे भरलेल्या असतील की कॅश ऑन डिलिव्हरी? हा शेवटचा प्रश्न त्यांना आवडत नाही.

अभिप्रायांचं आयुष्यही फार नव्हतं. आले तसे काही आठवड्यांत बहुतेक गायब झाले. वाशीला फोन केला तर ‘काका, टेक्निकल ग्लिच आहे’. ग्लिच कसला? अ‍ॅमेझॉनच्या नियमांत पैसे घेऊन किंवा कसल्याही मोबदल्यात लिहिलेला अभिप्राय बसत नाही, लेखकाच्या घरच्यांनी किंवा जवळच्या मित्रांनी लिहिलेलाही बसत नाही. आढळला तर काढून टाकतात. लेखकाने पुस्तकाची प्रत आधी फुकट वाचायला द्यायला हरकत नसते, पण ‘अभिप्राय द्याच आणि चांगलाच द्या’ अशी अट घालता येत नाही. म्हणजे मी ज्याचे पैसे मोजले ती वस्तू तिथे टिकणारच नव्हती, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी ‘भरपाई’ म्हणून तेच मजकूर गुडरीड्स या वाचकांच्या अभिप्रायांच्या साइटवर चढवले. गुडरीड्स 2013 पासून अ‍ॅमेझॉनचंच आहे, पण तिथे स्टार द्यायला पुस्तक विकत घ्यावं लागत नाही. त्यामुळे ही मंडळी तिथे मोकाट असतात.

खोटा अभिप्राय ओळखायचा असेल तर अभिप्राय देणाऱ्याच्या नावावर क्लिक करा. आमच्या रक्तदाबवाल्या वाचकाने मिक्सरची जार, केसांचं तेल, कुत्र्याचा पट्टा आणि तीन इंग्रजी कवितासंग्रह अशा सगळ्यांना पाच स्टार दिले होते. नाराज असा तो आयुष्यात एकदाही झालेला दिसला नाही.

फेसबुकच्या जाहिरातीचं थोडक्यात. 12,000 रुपये ‘अ‍ॅड बजेट’ होतं. मला ‘रीच’चे, म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली त्याचे, आकडे आले, लाखात. लाइक करणाऱ्यांची नावं पाहिली तर मराठी वाचेल असं क्वचितच कोणी. जाहिरात खरंच चालू आहे का हे बघायला फेसबुकच्या मालक कंपनीची, मेटाची, अ‍ॅड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे, पेजचं नाव टाकलं की त्या वेळी चालू असलेल्या जाहिराती दिसतात. ‘कॅम्पेन जोरात सुरू आहे’ असं फोनवर सांगत असताना भाच्याने तिथे पाहिलं, तर आमच्या पेजची एकही जाहिरात नव्हती. जाहिरात खातं तुमच्या नावाने उघडून घ्या, कार्ड तुमचं लावा आणि एजन्सीला फक्त काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस द्या. मेटाची पावती थेट तुमच्या ईमेलवर येईल. एजन्सीने वर्डमध्ये टाइप केलेला ‘रिपोर्ट’ म्हणजे पावती नव्हे.

आणि जीएसटी. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर लॉगिनशिवाय तपासता येतो, दोन मिनिटं लागतात. आमच्या बिलावरचा टाकला तर नोंदणी रद्द. म्हणजे 6,930 रुपये कराच्या नावाखाली यांच्याच खिशात.

पैसे परत मागितल्यावर साहेबांचा सूर बदलला. ‘सर’चे ‘मास्तर’ झाले. ‘मास्तर, रिव्ह्यू पैसे देऊनच घेतात सगळे. तुम्हीपण घेतलेत. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?’ हीच त्यांची खरी ढाल. लेखक लाजेने गप्प बसतो, ग्रुपवर टाकलेला स्क्रीनशॉट खोटा होता हे चारचौघांत सांगायला तयार नसतो. भिंतीवर फ्रेम केलेल्या मुखपृष्ठांपैकी एका लेखकाला मी फोन लावला. डोंबिवलीचे गृहस्थ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘माझं नाव कुठे घेऊ नका, मुलाला किती दिले ते माहीत नाही.’

माझ्या करारात मात्र ‘खऱ्या वाचकांचे अभिप्राय’ असे शब्द होते. म्हणून आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला विचारणा गेली आणि उत्तर आलं: सेवा पूर्ण दिली, सोबत स्क्रीनशॉट. मग मला ‘सहा महिने मोफत प्रमोशन’ देऊ केलं. मी नको म्हटलं आणि जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, सेवेसाठी मोजलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. समोरचा वकील ‘हे ग्राहकच नाहीत, व्यापारी हेतूने सेवा घेतली’ हा मुद्दा काढतोच, तेव्हा पेन्शनीतून पुस्तक छापणारा निवृत्त शिक्षक हा व्यापारी कसा, याची तयारी ठेवावी लागते. आमच्या वकिलांनी आणखी दोन कागद जोडले. एक, भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी काढलेलं मानक, आयएस 19000. ते ऐच्छिक आहे, पण अभिप्राय खऱ्या माणसाचा असावा, ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे. दुसरा, त्याच वर्षी जूनमध्ये आलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं. प्रकरण अजून चालू आहे. पार्सलांची लेबलं मी एकही फेकलेलं नाही, सगळी फाइलला लावली आहेत.

मिठाच्या पुडीची कल्पना मात्र भाच्याने सोडली नाही. गावच्या जत्रेत टेबल टाकलं, पुस्तकाबरोबर पुडी ठेवली, आणि माझ्या मावसभावाला नुसतं शेजारी बसवलं. तो आयुष्यभर मिठागरात राबलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला खाजणातल्या गोष्टी सांगत बसला. परत आलेल्या दबलेल्या कोपऱ्यांच्या प्रती निम्म्या किमतीत तिथेच संपल्या. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला, 1893 पासूनची ती संस्था, एक प्रत दिली. दैनिकांना अभिप्रायार्थ प्रती पाठवल्या, त्यातल्या एकाने आठ ओळी छापल्या. त्यात ‘उत्तरार्ध पसरट झाला आहे’ असं आहे. वाचून लिहिलेलं आहे हे त्यावरून कळलं.

वाशीची ती काचेची केबिन आता रिकामी आहे. पण मागच्या महिन्यात ऐरोलीच्या त्या कवयित्रींचा मला फोन आला. त्यांना नव्या नावाच्या संस्थेकडून ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट कवयित्री’ पुरस्कार जाहीर झाला आहे, ट्रॉफी, शाल, फोटो, नोंदणी शुल्क 7,500 रुपये. बाईंनी कवितासंग्रहाचं नाव विचारलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, ते फॉर्ममध्ये तुम्हीच भरायचंय.’