एकावर एक की एकाच चौकटीत? नॅनो स्टेजमधली आडवी सरक

एक्स-वाय पिझो स्टेज (विजेने किंचित लांबणाऱ्या पिझो घटकांनी नमुना दोन दिशांना अतिसूक्ष्म सरकवणारा मंच) घेताना प्रश्न येतोच: एका अक्षावर दुसरा रचलेला घ्यावा, की दोन्ही अक्ष एकाच प्लॅटफॉर्मला ढकलणारा समांतर? माहितीपत्रकातलं ‘रिझोल्यूशन’ बाजूला ठेवा. आडव्या सरकीबद्दल, म्हणजे एका अक्षावर चालवताना दुसऱ्या दिशेला होणाऱ्या नकोशा हालचालीबद्दल, ते काहीच सांगत नाही.

सरक येते कुठून? साध्या समांतरभुज फ्लेक्शरची (वाकणाऱ्या समांतर पात्यांवर प्लॅटफॉर्म तोलणारा सांधा) पाती वाकली की प्लॅटफॉर्म कमानीत जातो. २० मिमीच्या पात्यावर १०० मायक्रोमीटर सरकलात, तर आडवं सुमारे ३०० नॅनोमीटर! दुहेरी समांतरभुज रचनेत हे बरंचसं आपसात कटतं, आणि ती दोन्ही प्रकारांत मिळते.

खरा फरक सेन्सरचा. रचलेल्या स्टेजमध्ये प्रत्येक सेन्सर आपलाच अक्ष बघतो. खालचा मजला वाकडा चालला तरी वरच्याला पत्ता नसतो. समांतर रचनेत सगळे सेन्सर एकच प्लॅटफॉर्म स्थिर पायाच्या संदर्भात मोजतात, म्हणून कंट्रोलर चूक चालतानाच सुधारतो. पण प्लॅटफॉर्म स्वतःभोवती फिरला तर? तिसरा, फिरकीचा सेन्सर नसेल तर समांतरही आंधळाच. नमुना फिरकीच्या केंद्रापासून ५० मिमी दूर असेल, तर १० मायक्रोरेडियनची फिरकी तिथे ५०० नॅनोमीटर होते.

वेगातही समांतर सरस, कारण कुणी कुणाचं ओझं वाहत नाही. किंमत आणि कंट्रोलरची जुळवाजुळव मात्र जास्त.

मोठा पल्ला, सावकाश हालचाल, मर्यादित बजेट: रचलेला पुरे. भरभर स्कॅनिंग किंवा सूक्ष्म जुळणी करायची असेल तर समांतर, तोही फिरकीच्या सेन्सरसकटच.