भाडं द्या, नाहीतर लढा: कल्डसेप्ट रिव्होल्ट

डोंबिवलीच्या स्लो गाडीत खिडकी मिळाली की मी थ्रीडीएस, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं गेम मशीन, उघडतो. परवा शेजारचे काका बराच वेळ डोकावत होते. ठाणं गेल्यावर त्यांना राहवेना. "व्यापार खेळताय का हो?" मी हो म्हटलं. निम्मं खरं होतं. खेळ होता 'कल्डसेप्ट रिव्होल्ट'.

पट व्यापाराचाच. दान टाका, सरका, दुसऱ्याच्या घरात पडलात तर भाडं मोजा. पण इथे मोकळं घर नुसतं विकत मिळत नाही. हातातल्या पत्त्यांमधला एखादा प्राणी तिथे राखणीला बसवायचा. आणि दुसऱ्याचं भाडं जड वाटलं तर आपला प्राणी त्याच्या राखणदारावर सोडायचा. जिंकलात तर घर तुमचं, तेसुद्धा त्याने पैसे ओतून चढवलेल्या लेव्हलसकट. लहानपणी माझी मुंबई अशी कुणी हिसकावली असती तर मी पटच उधळला असता.

माझी तशी एक जमीन गेली. हिरव्या रंगाची, पाचव्या म्हणजे शेवटच्या लेव्हलची, शेजारी त्याच रंगाच्या जमिनींची साखळी, त्यामुळे भाडं दणदणीत. समोरच्याने एक किरकोळ प्राणी आणला, त्याच्या हातात शस्त्राचा पत्ता दिला आणि पहिल्याच फटक्यात माझा राखणदार आडवा. माझ्या हातात ढाल नव्हती. सहाही पत्ते मंत्रांचे! पुढे त्यातलाच 'होली वर्ड सिक्स' कामी आला. तो ज्याच्यावर टाकाल त्याचं पुढचं दान सहाच पडतं. गडी माझ्या दुसऱ्या मोठ्या जमिनीपासून बरोब्बर सहा घरं मागे उभा होता. घाटकोपरला मी एकटाच हसत होतो.

खरा खेळ डावाआधीच सुरू होतो. पन्नास पत्त्यांची गड्डी आपण जमवायची. पहिल्यांदा मी सगळे बलदंड, महागडे प्राणी कोंबले. ते बसवायला पैसाच पुरेना. त्यातले आठ काढून स्वस्तातले घातले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. नवे पत्ते डाव खेळून मिळालेल्या पॉइंटांवर येतात. खिशाला हात घालावा लागत नाही, हे मोबाइल गेमांनी पोळलेल्या माणसाला फार बरं वाटतं.

ओमिया सॉफ्टची ही कल्डसेप्ट मालिका १९९७ मध्ये सेगा सॅटर्न या गेम मशीनवर सुरू झाली. रिव्होल्ट जपानात २०१६ ला आणि अमेरिकेत २०१७ ला आला. स्मृती गेलेल्या नायकाची गोष्ट यथातथाच, मी बटण दाबत पुढे पळवली. थ्रीडीएसची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद पडली, त्यामुळे लांबचे भिडू गेले. ई-शॉप हे तिथलं ऑनलाइन दुकानही बंद, म्हणजे कार्ट्रिजच, मशीनमध्ये खोचायची खेळाची चिपच, शोधायची. घेताना एक बघा: थ्रीडीएसला रीजन लॉक आहे, म्हणजे एका प्रदेशाचं कार्ट्रिज दुसऱ्या प्रदेशाच्या मशीनवर चालत नाही. माझ्या आतेभावाने न्यू जर्सीहून कार्ट्रिज पाठवलं, ते चालवायला मशीनही अमेरिकनच मिळवावं लागलं.

आणि डाव लांबतो. सीएसएमटीपर्यंत माझा एकही पुरा होत नाही. झाकण लावायचं, संध्याकाळी परतीच्या गाडीत उघडायचं. कॉम्प्युटरचे तीन भिडू असले तर विचारूच नका. काका कुर्ल्याला उतरले तेव्हा तिसऱ्याची चाल चालू होती, माझी पाळी सायन गेल्यावर आली.