सर्व्हरला मॉनिटर कशाला लागतो, मॅडम?

८ जुलै २०२४, सोमवार. जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, भरायला तीन दिवस उरलेले, आयटीआरचा सीझन अंगावर आलेला, आणि आमच्या सांगलीच्या हिशेब-कराच्या ऑफिसातला सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा डेटा ठेवणारा मुख्य कॉम्प्युटर, सकाळपासून तासातासाला बंद पडत होता. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेल्या पाचही जणांचं काम मध्येच तुटायचं. बटण दाबलं की सुरू, तासाभराने पुन्हा बंद. ज्याने तो बसवला त्याला फोन केला. "मॅडम, तुमचा यूपीएस लोड घेत नाही," म्हणाला आणि संध्याकाळी साडेनऊ हजारांचा नवा यूपीएस लावून गेला. मंगळवारी पुन्हा तेच.

सर्व्हर घेतला होता १० जानेवारीला. १,४२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. माझ्याकडे बहुतेक खाती हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची. त्यांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं विश्वासाने आमच्याकडे असतात. हे सगळं पाच कॉम्प्युटरांवर विखुरलेलं होतं, ते एका जागी नीट राहावं एवढ्यासाठी मी हा खर्च केला.

मंगळवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसातल्या मुलीचा भाऊ आला. तो मिरजेत एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतो. त्याने पहिलं विचारलं, "ताई, याचा मॉनिटर कुठाय?" मॉनिटर नव्हताच. बसवणाऱ्याने काम झाल्यावर काढून नेला होता आणि वर म्हणाला होता, "सर्व्हरला मॉनिटर कशाला लागतो, मॅडम?" सर्व्हर बिनमॉनिटरचा चालतो हे खरंच आहे, म्हणून मला शंका आली नाही. भावाने शेजारचा मॉनिटर जोडला. उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड इव्हॅल्युएशन. आणि त्याखाली, मुदत संपली.

इव्हॅल्युएशन म्हणजे मायक्रोसॉफ्ट वापरून बघायला फुकट देते ती आवृत्ती. ती १८० दिवस चालते, आणि मुदत संपली की सर्व्हर दर तासाला आपणहून बंद होतो. आम्ही कॅलेंडर घेऊन मोजलं. १० जानेवारी ते ८ जुलै, १८० दिवस. यूपीएसचा काही संबंधच नव्हता.

त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून, दर तासाला बटण दाबत, आम्ही सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला. मगच पेटी उघडली. कोटेशनमध्ये '१२ कोअर झिऑन' होतं, म्हणजे सर्व्हरसाठीचा इंटेलचा प्रोसेसर, आत १२ स्वतंत्र गणन-विभाग असलेला. निघाला ई५-२६२० व्ही३, म्हणजे २०१४ सालचा, सहा कोअरचा प्रोसेसर. १२ हा आकडा थ्रेडचा, म्हणजे प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामं हाताळतो त्या हिशेबाचा. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्या आणि डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. एका डिस्कचे चालू तास ४१,२३६. वर्षाचे तास ८,७६० होतात. माझ्याकडे सहा महिने असलेली डिस्क साडेचार वर्षांपेक्षा जास्त फिरलेली होती.

आणि सगळ्यात राग आला तो पुढच्या गोष्टीचा. "दोन डिस्क मिरर केल्यात, एक गेली तरी दुसरी चालेल," असं बसवणाऱ्याने मला समोर बसून सांगितलं होतं. मिरर म्हणजे तोच डेटा दोन्ही डिस्कवर. दोन टीबीच्या दोन डिस्क मिरर केल्या तर जागा दोन टीबीच्या आतच दिसते. आमच्याकडे ३.६३ टीबी दिसत होती. म्हणजे रेड १ (डिस्क जोडायची मिररची पद्धत) नव्हे, रेड ० होतं: डेटा अर्धा या डिस्कवर, अर्धा त्या डिस्कवर. एक जरी गेली असती तरी सगळं गेलं असतं. सहा महिने मी लोकांची कागदपत्रं अशा अवस्थेत ठेवली होती, हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, "एक कमांड मारतो, अजून सहा महिने चालेल. सगळे असंच वापरतात." मी नको म्हटलं. बिल काढून बघितलं: 'सर्व्हर सिस्टिम, ओरिजिनल विंडोजसह, १ नग'. ना सिरीयल नंबर, ना लायसन्सचा तपशील. वकिलांनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही, फक्त स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार असेल तर सवलत आहे. माझ्याकडे पगारी माणसं असल्याने तिथेच वाद झाला असता. शेवटी नोटीस पाठवली. यूपीएसचे पैसे परत आले, बाकी काही नाही.

जुनं मशीन विकणं हा गुन्हा नाही. जुनं आहे असं सांगून, त्या भावात दिलं असतं तर मी कदाचित घेतलंही असतं, फक्त डिस्क नव्या टाकून. शिवाय आम्हाला विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती लागतच नव्हती. तिला प्रत्येक युजरमागे किंवा डिव्हाइसमागे वेगळं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचं लायसन्स, घ्यावं लागतं. रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरच्या पडद्यावर काम करण्याचं, आणखी वेगळं. म्हणून 'अनलिमिटेड युजर' असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. विंडोजच हवं असेल तर २५ युजरपर्यंत कॅल न लागणारी इसेन्शियल्स आवृत्ती असते. आम्हाला फक्त फायली आणि टॅलीचा डेटा शेअर करायचा होता. आता ईसीसी रॅमचं, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या मेमरीचं, छोटं टॉवर मशीन आहे, नव्या दोन डिस्क रेड १ मध्ये, वर डेबियन १२ (फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम) आणि साम्बा (विंडोजच्या कॉम्प्युटरांना फायली शेअर करणारं सॉफ्टवेअर). टॅली प्रत्येकाच्या विंडोजवर चालतं, डेटा सर्व्हरवर. दोन बाहेरच्या डिस्क आळीपाळीने बॅकअप घेतात आणि त्यातली एक कायम माझ्या घरी असते, कारण मिररमध्ये चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते.

गेल्या महिन्यात एका क्लायंटने कोटेशन दाखवायला आणलं. तोच लेटरहेड, तीच ओळ: सर्व्हर सिस्टिम, १२ कोअर, अनलिमिटेड युजर, १ नग. मी त्यावर पेनाने लिहून दिलं: मशीनचा आणि दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर बिलावर हवेत. लायसन्स कोणत्या आवृत्तीचं, कोणाच्या नावावर? शेवटच्या पैशांचा चेक मॉनिटर जोडून सगळं बघितल्यावरच. त्यांनी तो कागद तसाच त्याला पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.